हरण्या रोग केना या तणातून केळीत येतो हे दाखवायचं कसं?

केळफूल:
नमस्कार मंडळी. एमएस्सी अ‍ॅग्रीला आहे, प्लांट पॅथॉलॉजी. थीसिससाठी केळीवरचा हरण्या घेतलाय, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, सीएमव्ही. रावेर-यावल भागातल्या बागा आणि त्यांच्या बांधावरची तणं असा विषय. प्लॅन असा होता की जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा-वीस बागा फिरायच्या, पानावर पिवळे पट्टे दिसणारी केळी आणि मोझॅक दिसणारी तणं दोन्हीची पानं आणायची, एलायझा (रंग बदलून व्हायरस दाखवणारी चाचणी) लावायची, तणात पॉझिटिव्ह आलं की सोर्स सापडला. गाइडना दाखवलं तर "यातून काय सिद्ध होतं?" एवढंच म्हणाले आणि मीटिंगला निघून गेले 😅 केन्यात व्हायरस सापडला, शेजारच्या केळीतही तोच सापडला, अजून काय पाहिजे? कुणी असं काम केलंय का? डिपार्टमेंटला पीसीआर मशीन आहे, सिक्वेन्सिंग (व्हायरसचा जनुकीय क्रम वाचणं) बाहेरून करावं लागेल आणि बजेट म्हणजे काय, नाहीच.

सूक्ष्म:
गाइड बरोबर बोलले, फक्त अर्धंच बोलले. दोन्हीकडे व्हायरस सापडला यावरून दोघं आजारी आहेत एवढंच कळतं, कुणी कुणाला दिला ते नाही. केळीतून केन्यात गेला असेल किंवा दोघांनाही तिसऱ्याच कुणाच्या काकडीच्या प्लॉटमधून आला असेल. सीएमव्ही हजाराच्या वर जातींच्या झाडांवर जगतो, त्याचं केन्यावाचून काही अडत नाही.

दुसरी गोष्ट, फक्त मोझॅक दिसणारी तणं घेऊ नकोस. रानटी झाडं बऱ्याचदा व्हायरस पोटात ठेवून वरून ठणठणीत असतात. बांधावर दोरी टाक, दर पाच पावलांवर जे झाड येईल ते घे, लक्षण असो नसो, आणि निगेटिव्ह पण वहीत लिही. किती तपासली आणि त्यातली किती निघाली यावरच सगळं उभं राहणारे. तणांच्या रसाने एलायझा कधी कधी उगाच रंग दाखवते त्यामुळे पॉझिटिव्ह आलेली पीसीआरवर परत बघच. पानं सिलिका जेलच्या डबीत वाळवून आण, बर्फाची पेटी घेऊन बसमध्ये चढायची गरज नाही.

पण खरा घोळ वेळेचा आहे. जुलैत जाणं म्हणजे लग्न लागल्यावर मांडवात पोचणं. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळीची, लागवड व्हायच्या आधी, एप्रिल-मेमध्ये जा. रोपं जमिनीत जायच्या आधीच तणात व्हायरस बसलेला होता हे दाखवलंस तर निदान आधी कोण नंतर कोण हे तरी ठरतं. आणि नर्सरीतून आलेल्या रोपांचे पण नमुने त्याच दिवशी घे, नाहीतर व्हायव्हाला पहिलाच प्रश्न येईल की टिश्यू कल्चरच्या रोपातूनच आला नसेल कशावरून.

कांदेबाग:
ताई मी यातलं शिकलेलो नाही, केळीवाला आहे, पण एप्रिल-मे वर सांगतो. तेव्हा आमच्याकडे ऊन असं असतं की बांधावर काडी हिरवी राहत नाही, मग व्हायरस बसतो कुठे? आम्ही बघतो ते असं की केना जुन्या बागेत ड्रिपरखाली हिरवागार असतो, पाटाच्या कडेला असतो, विहिरीच्या तोंडाशी असतो, म्हणजे पाणी जिथे तिथे, म्हणून बांध सोडून आधी तिथे बघा. आणि केना उपटून बांधावर फेकला तरी मरत नाही बरं का, पहिल्या पावसात कांडीला मुळं फुटून परत उभा, मजुरांना शंभर वेळा सांगितलं बांधाबाहेर नेऊन टाका पण कोण ऐकतं. हरण्या आम्हाला दिसतो तो मृगबागेत, झडीचं ढगाळ वातावरण लागलं की, रोप दीड-दोन महिन्याचं असताना. मग पोंगा (मधली कोवळी सुरळी) सडला की उपटण्याशिवाय इलाज नाही. एक वर्ष शेजाऱ्याने केळीत काकडी लावली होती, त्या बाजूच्या माझ्या चार ओळी आधी गेल्या. फवारे मारून मारून थकलो, मावा तर केळीवर दिसतही नव्हता.

सूक्ष्म:
@कांदेबाग दादा, शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात पण उत्तर तिथेच आहे. हा व्हायरस आणणारा मुख्य म्हणजे कपाशीवरचा, काकडीवरचा मावा, तो केळीवर संसार मांडत नाही. उडत येतो, सोंड टोचून चव बघतो, आवडलं नाही की पुढे. व्हायरस सोंडेच्या टोकालाच चिकटलेला असतो त्यामुळे घ्यायला आणि द्यायला काही सेकंद पुरतात. फवाऱ्याने मावा मरेल, पण टोचून झाल्यावर! म्हणून या रोगात कीटकनाशकाचा फारसा उपयोग होत नाही. भेंडीच्या हळद्याचं (पानाच्या शिरा पिवळ्या करणारा व्हायरसरोग) गणित वेगळं, तिथे पांढरी माशी बराच वेळ रस पिते, व्हायरस तिच्या अंगात फिरून लाळेत येतो, मग तो बरेच दिवस तिच्याकडे राहतो.

यातून @केळफूल तुला एक स्वस्त प्रयोग मिळतो. मावा केळीवर राहत नसेल तर केळी-ते-केळी प्रसार कमी आणि बाहेरून येणारा जास्त असला पाहिजे, म्हणजे पहिली आजारी रोपं कडेला किंवा तणाच्या पट्ट्याजवळ दिसायला हवीत. दर आठवड्याला प्रत्येक रोपाचा नकाशा भर, ओळ नंबर रोप नंबर. जोडीला आमिषाची झाडं ठेव, जाळीत वाढवलेली निरोगी काकडीची रोपं कुंडीत, काही तणाजवळ, काही तण काढलेल्या जागी, काही लांब. आठवड्याने उचलून परत जाळीत, तिथे लक्षणांची वाट बघायची आणि तपासायचं. कुठल्या आठवड्यात कुठल्या जागी व्हायरस हवेतून उतरतोय ते कळतं. शेजारी पिवळ्या ट्रेमध्ये साबणाचं पाणी, त्यात पडलेला मावा मोजायचा.

गाजरगवत:
माझं आयडी बघून हसू नका, मी तणवाला माणूस आहे. आंध्रमधलं अनंतपूरचं प्रकरण वाच. 2000 च्या खरिपात तिथे सुमारे सव्वादोन लाख हेक्टर भुईमुगावर शेंडामर आली, 300 कोटींच्या वर नुकसान. निघाला टोबॅको स्ट्रीक व्हायरस आणि साठा होता गाजर गवतात, वरून एकही लक्षण नाही. व्हायरस परागकणात, ते पराग फुलकिड्यांच्या अंगावर, किडे भुईमुगाचं पान खरवडतात तेव्हा त्या जखमेतून आत. आणि भुईमूग मात्र पुढे कुणाला देत नाही, त्याचं फूल बंदच असतं, पराग बाहेर पडतच नाही. त्यामुळे आजारी भुईमूग उपटून काही होत नव्हतं, उपटायचं होतं ते बांधावरचं. नुसतं "तणात सापडला" यावर थांबले असते तर हे कळलं नसतं.

पण रानाला सरसकट व्हिलन करू नका हं. भेंडीच्या हळद्याची नोंद मुंबई इलाख्यातून 1924 ची, आणि त्याच्यावर उतारा म्हणून परभणी क्रांती ही भेंडीची जात आली ती पुसा सावनी ही जात आणि रानभेंडी यांच्या संकरातून. बांध पूर्ण नांगरून टाका असं थीसिसच्या शिफारशीत लिहू नकोस, मावा खाणारे ढालकिडे पण तिथेच राहतात.

केळफूल:
बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. बागा वीसवरून चार करते पण मेपासून सप्टेंबरपर्यंत त्याच चार. एक शंका राहिली, सिक्वेन्सिंगला पैसे थोडेच आहेत, फक्त कोट प्रोटीनचा (व्हायरसच्या बाहेरच्या आवरणाचा) जीन केला तर चालेल?

सूक्ष्म:
सुरुवातीला चालेल, पण जपून बोल. सीएमव्हीचा जीनोम तीन तुकड्यांत असतो आणि एका झाडात व्हायरसचे दोन स्ट्रेन (उपप्रकार) भेटले तर तुकड्यांची अदलाबदल होते. कोट प्रोटीन तिसऱ्या तुकड्यावर आहे, तो जुळला म्हणून बाकीचे दोन जुळतीलच असं नाही. तण आणि शेजारची केळी अशा चार-पाच जोड्यांचे तिन्ही तुकडे कर, बाकीच्यांचा एकच.

कांदेबाग:
ताई माझी बाग घ्या त्या चारात. केना भरपूर आहे, काढू नका म्हणाल तर या वर्षी एका पट्ट्यात काढणार नाही, आमची मंडळी ओरडतील पण बघू. मेमध्ये येणार असाल तर सकाळी सातच्या आत या, दहानंतर बागेत उभं राहवत नाही.