मजुरी स्वस्त, मग आपला कपडा जगात मागे का?

साकीनाका गाळा (धागाकर्ता)

परवा दादरला उद्योजकांच्या बैठकीत एक वक्ते ठासून म्हणाले, मजुरी कमी ठेवली तरच भारताचा माल जगात टिकेल. टाळ्याही पडल्या. मला ते पटलं नाही, म्हणून हा धागा.

मी बावीस वर्षं मुलांची जाकिटं शिवून बाहेर पाठवतोय. कारागिराच्या रोजाला त्याने दिवसभरात काढलेल्या नगांनी भागा, खरा खर्च तो. माझ्याकडे चाळीस मशीन. बायरने एकाच डिझाइनचे पन्नास हजार नग मागितले की मला नाही म्हणावं लागतं. ढाक्याचा कारखाना हो म्हणतो. तिथे महिनाभर एकच डिझाइन लाइनवर चालतं, हात बसतो, नग वाढतात.

आपल्याकडे असे कारखाने उभे राहायचे कसे? शिवलेले कपडे २००० पर्यंत लघुउद्योगासाठी राखीव होते, मोठा कारखाना काढायला मोकळीक नव्हती. कुठल्या देशाने किती कपडा विकायचा हे ठरवणारी जगातली कोटा पद्धत १ जानेवारी २००५ला संपली, तोवर बांगलादेशाचा पंचवीस वर्षांचा सराव झाला होता. १९७९ मध्ये तिथल्या 'देश गार्मेंट्स'ने १३० जण दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीत शिकायला पाठवले. त्यातले बहुतेक पुढे बाहेर पडले आणि ती विद्या घेऊन इतर कारखान्यांत गेले, काहींनी स्वतःचे काढले. ही शिकवणी आपण कधी घेतलीच नाही.

भांडुपचा कारखानदार

लघुउद्योगाचं आरक्षण उठून पंचवीस वर्षं झाली. मग आता मोठे कारखाने का निघत नाहीत? १९७६ च्या दुरुस्तीने ३०० कामगारांच्या कारखान्यात कामगार कपात करायची तर सरकारची परवानगी सक्तीची झाली. १९८२ च्या दुरुस्तीने ती मर्यादा १०० वर आणली, ती पुन्हा ३०० झाली नोव्हेंबर २०२५ मध्ये. ऑर्डर हंगामी, कामगार मात्र कायमचा. इतकी वर्षं कोण शंभरच्या वर जाणार होतं? म्हणून लोकांनी एकाच्या जागी चार छोटे गाळे घेतले. आणि या शहराने १९८२ चा गिरणी संप पाहिलाय, अडीच लाख कामगार बाहेर होते. ती भीती मालकांच्या मनातून अजून गेलेली नाही.

लालबागकर

भाऊ, त्या अडीच लाखांत माझे वडील होते. संपाआधीच मिल आजारी होत्या. माग जुने, नफा मशीनवर घालण्याऐवजी दुसरीकडे वळवलेला. त्यात माग वाढवायला सरकारचंच १९५६ पासून बंधन. भिवंडीचा यंत्रमाग तोवर स्वस्तात कापड देऊ लागला होता. वडिलांनी दोन वर्षं वाट पाहिली, मग वॉचमनची नोकरी धरली. मिल बुडाल्याचा दोष दर वेळी कामगाराच्या माथी येतो, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

आणि कायदाच आड येत असेल तर पुण्याची दुचाकी आफ्रिकेत आणि लॅटिन अमेरिकेत कशी खपते? तिथेही तोच कायदा आहे ना?

भांडुपचा कारखानदार

वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि मिलमालकांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण दुचाकीच्या किमतीत मजुरीचा वाटा थोडा, शर्टाच्या शिलाईत मोठा. तिथे पचतं ते इथे पचत नाही.

न्हावाशेवा क्लिअरिंग

दोघेही कारखान्याच्या भिंतीच्या आतलंच बोलताय. मी रोज बंदरातून कंटेनर सोडवतो. युरोपात बांगलादेशचा कपडा शुल्क न भरता जातो, आपल्यावर दहा टक्क्यांच्या आसपास लागत आलंय. शिलाईत पैसे-पैसे वाचवून दहा टक्के कसे भरून काढणार? दुसरं, आयात केलेली झिप, बटणं, अस्तर कागदपत्रांत चार दिवस अडकलं की लाइन बसून राहते. मग तारीख गाठायला माल विमानाने पाठवावा लागतो आणि त्या ऑर्डरचा नफा तिथेच संपतो. बांगलादेशने निर्यातदाराला बाँडेड (कस्टमच्या देखरेखीखालच्या) गोदामात कच्चा माल शुल्काशिवाय आणू दिला, ही त्यांची फार मोठी गोष्ट.

साकीनाका गाळा

क्लिअरिंगवाल्यांनी दुखती नस पकडली. जगात आज बहुतेक कपडा कृत्रिम धाग्याचा, आपली मदार अजून कापसावर. माझं जाकीट पॉलिस्टरचं. सप्टेंबर २०२५ पर्यंत कृत्रिम तंतूवर जीएसटी १८ टक्के, त्याच्या सुतावर १२, कापडावर ५ होता. कापडवाल्याने सुतावर जास्तीचे भरलेले कराचे पैसे परताव्यात अडकायचे आणि तो त्यांचं व्याज माझ्या भावात लावायचा. आता तिन्हीकडे ५ आहे. गेल्या हंगामात याच कापडापायी माझी एक ऑर्डर गेली. बायरला माझी शिलाई पसंत होती, मीटरचा भाव परवडला नाही.

भांडुपकर, शिलाईत मजुरीचा वाटा मोठा हे मान्य. म्हणूनच तर कारागिराचा हात बसायला हवा. माझ्याकडची पोरं सहा महिन्यांत भाड्याला कंटाळून गावी जातात. खोलीचं भाडं पगाराचा तिसरा हिस्सा खातं. वक्त्यांच्या सल्ल्याने पगार आणखी कमी केला तर ती तीन महिन्यांत जातील आणि मी पुन्हा नव्या हाताला कॉलर लावायला शिकवत बसेन.

भांडुपचा कारखानदार

मग त्यांना राहायला जागा द्या. पण चारशे जणांची जागा बांधायला आधी चारशे जण ठेवायची हिंमत लागते, आणि माझा मुद्दा तिथेच परत येतो.