ऊसतोडीच्या गरोदर बाया आणि आपल्या गावातल्या: दवाखाना एकच, मग फरक का?

कृष्णाकाठ (वाळवा): आमच्या रानाकडेला बीडची टोळी उतरलीय, त्यात दोघी तरी पोटुशा दिसतात. आमच्या वहिनीची तिसऱ्या महिन्याच्या आत आशाताईंनी नोंद केली, कार्ड, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, सोनोग्राफी सगळं वेळेवर, सातव्यात डोहाळजेवण करून माहेरी. आणि या बाया पहाटे चारला फडात, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढतात. माझ्या मते हा भेदभाव आहे आणि आपण गाववालेच करतोय.

रांगडा सातारकर: भेदभाव कसला राव? सरकारी दवाखाना फुकट आहे, दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांना डॉक्टर तपासतात, २०१६ पासून चालू आहे, कुणीही जावं. १०८ ला फोन केला तर गाडी येते. त्यांनाच यायचं नसतं, गाव काय करणार? उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेताना बरं सगळं कळतं.

केजकर: माझी आई ऊस तोडायची म्हणून बोलतो. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, उचल दोघांवर. बाई एक दिवस बसली तर एकटा गडी तोडणार, बांधणार, भरणार कधी? मग खाडा, म्हणजे मजुरी गेलीच वर दंड. तुमच्या ९ तारखेला गाडी भरायला आली तर काय सांगायचं तिनं? २०१९ मध्ये बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं गाजलं, नीलम गोऱ्हेंची समिती बसली, त्यामागं पण ही खाड्याची भीती होतीच.

आशा, कडेगाव साईड: मला दोन्हीकडून बोलणी बसतील. आमची यादी गावातल्या हजार लोकांची, टोळी त्यात नसते. तरी जाते मी टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, पण दुपारी तिथं म्हातारी आणि लेकरंच, बाया अंधार पडल्यावर येतात आणि तेव्हा उपकेंद्राला कुलूप. कार्ड गावाकडं पेटीत राहिलेलं, त्यामुळं आधी सिझर झालंय का, रक्त किती होतं, काही कळत नाही. एकीचं हिमोग्लोबिन ७ च्या आत निघालं, ग्रामीण रुग्णालयात भरती व्हायला सांगितलं, तर तोवर टोळी कराडच्या पलीकडं.

रांगडा सातारकर: मग कारखान्यानं डॉक्टर पाठवावा की! टोळ्या आणतो तो, साखर त्याची, आणि बोल आमच्या गावाला. शेतकी ऑफिसात कोयत्यांची यादी असते.

केजकर: कारखाना म्हणतो आमचा करार मजूर पुरवणाऱ्या मुकादमाशी, मुकादम म्हणतो मी काय डॉक्टर आहे का. पण यादीचं बरोबर आहे तुमचं, त्यात बाईला कितवा महिना एवढा रकाना वाढवा.

रांगडा सातारकर: आणि महिना दिसला की मुकादम त्या कोयत्याला उचलच देणार नाही, मग काय करणार?

आशा, कडेगाव साईड: तेच होणार. म्हणून तो रकाना कारखान्याकडं नको, आरोग्य केंद्राकडंच राहू दे, आणि आठवड्यातनं एकदा संध्याकाळी कोप्यांवरच तपासणी लावा, नाहीतर आम्ही नुसत्या फेऱ्या मारायच्या. कृष्णाकाठ, तुमच्या रानातल्या त्या दोघींना कितवा महिना ते घरातल्या बायकांना विचारायला लावा आणि तुमच्या आशाला आजच सांगा, टोळी हलायच्या आत.