पायथनमधे टीएलएस लावलं, क्लायंट सर्टिफिकेट मानेना

लातूरकर: अडत दुकानाचं सॉफ्टवेअर करायलोय, काट्यावरचं सोयाबीनचं वजन सॉकेटवरून ऑफिसातल्या सर्व्हरला जातंय. आता टीएलएस (डेटा एन्क्रिप्ट करून समोरच्याची ओळख तपासायची पद्धत) लावलं, सर्व्हरची ओळख सांगणारं सर्टिफिकेट स्वतःच बनवलेलं, तर क्लायंट (काट्याकडचा प्रोग्राम) 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' म्हणायलाय. एकजण म्हणला तपासणीच बंद कर, करू का?

परभणी_पायथन: अजिबात नको भाऊ! तपासणी बंद केली की डेटा एन्क्रिप्ट होतो खरा पण समोर कोण बसलंय ते कळत नाही, मधे कुणीपण घुसून वजन बदलू शकतं, अन् हा शेतकऱ्याच्या पट्टीचा (हिशोबाच्या पावतीचा) प्रश्न आहे. क्लायंटच्या एसएसएल कॉन्टेक्स्टला (पायथनमधल्या टीएलएस सेटिंगला) सीएफाइल (कुणावर विश्वास ठेवायचा ती सर्टिफिकेट फाइल) म्हणून तुझंच सर्टिफिकेट दे. प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) मात्र सर्व्हरवरच राहू दे.

लातूरकर: दिलं, आता 'आयपी अ‍ॅड्रेस मिसमॅच' यायलंय.

जालना_डेव्ह: तू आयपीनं जोडायलास ना, मग तो आयपी सर्टिफिकेटच्या सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेममधे (सर्टिफिकेट कोणत्या नावांना अन् आयपींना चालतं त्या यादीत) पाहिजे, नुसत्या कॉमन नेमवर (सर्टिफिकेटवरच्या मुख्य नावावर) भागत नाही. नवीन बनव. अन् किमान टीएलएस 1.2 ठेव, 1.0 आणि 1.1 तर 2021 लाच बाद केलेत.

लातूरकर: जुळलं! लई आभार.

परभणी_पायथन: काट्याजवळच्या पीसीचं घड्याळपण बघ, तारीख मागं गेली तर 'नॉट येट व्हॅलिड' म्हणून परत अडतं.