खालच्या जबड्याचं पुढचं हाड फार कडक आहे, ड्रिलिंग करताना तापू नये म्हणून काय करता?

प्रश्न (सांगली)
इम्प्लांट (दाताच्या जागी हाडात बसवायचे स्क्रू) सुरू करून फार दिवस झालेले नाहीत. पुढच्या आठवड्यात एका आजोबांची केस आहे. खालचे सगळे दात गेलेत, समोर दोन इम्प्लांट घालून त्यावर कवळी अडकवायची आहे. सीबीसीटीत (जबड्याच्या थ्रीडी स्कॅनमध्ये) हाड जवळपास सगळं कॉर्टिकल, म्हणजे घट्ट आणि कडक दिसतंय. सर्जिकल गाइड (ड्रिलला जागा आणि दिशा दाखवणारा साचा) बनवून घेतलंय. वेग कमी ठेवला की हाड तापत नाही असं शिकवलं होतं, पण अशा हाडात ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेरे) ड्रिल पुढे सरकत नाही, मग हाताने दाब दिला जातो. वेग वाढवू का? आणि सलाइन फ्रिजमधलं वापरलं की पुरतं का?

उत्तर (पुणे)
मॅडम, दाब देऊ नका. धार असलेलं ड्रिल १२०० च्या आसपास, भरपूर सलाइनखाली, हलक्या हाताने चाललेलं मला मान्य आहे. ८०० वर रेटलेलं नाही. एका जागी जितका वेळ घासत राहाल तितकं हाड तापणार. वेग मात्र तुमच्या किटच्या सूचनेतल्या मर्यादेतच ठेवा.

हाड ४७ अंशांवर एक मिनिट तापलं की त्याला इजा होते, हा आकडा आपण सगळेच सांगतो. तो स्वीडनमधल्या एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांच्या १९८३ च्या सशांवरच्या कामातून आला. शरीराच्या तापमानापेक्षा जेमतेम दहा अंश जास्त! पेशंटला भूल दिलेली असते, त्याला काही जाणवत नाही, आपल्यालाही त्या दिवशी काही दिसत नाही. काही आठवड्यांनी इम्प्लांट हलतं तेव्हा कळतं. म्हणून मी यात अजिबात तडजोड करत नाही.

थंड सलाइन जरूर लावा, पण ते टोकापर्यंत जातंय का ते बघा. बाहेरून सोडलेली धार खोल भोकात आपणहून उतरत नाही. दोन-तीन मिलिमीटर गेलात की ड्रिल फिरतं ठेवूनच पूर्ण बाहेर काढा, भुसा धुऊन जाऊ दे, पाणी आत शिरू दे, मग पुन्हा आत. खाचांत कोरडी पांढरी पूड घट्ट बसलेली दिसली तर थांबा आणि ड्रिल साफ करून घ्या.

गाइडची मला जास्त काळजी वाटते. त्यातली स्लीव्ह, म्हणजे ड्रिल जाण्याची नळी, ड्रिलभोवती इतकी घट्ट असते की पाणी वरूनच ओघळून जातं. असिस्टंटच्या हातात सलाइन भरलेली वेगळी सिरिंज द्या आणि प्रत्येक वेळी ड्रिल बाहेर आलं की भोकात मारायला सांगा. मी अशा हाडात गाइडमधून फक्त २ मिलिमीटरचं पायलट (सुरुवातीचं बारीक) ड्रिल करतो, बाकी गाइड काढून.

उत्तर (नाशिक)
सरांशी सहमत. एक भर: ड्रिल किती वेळा वापरलं याची नोंद ठेवा. कडक हाडात आणि ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करण्याच्या) फेऱ्यांत धार लवकर जाते. या केसला शक्यतो नवीन सेट घ्या आणि मधला एकही साइज गाळू नका. इम्प्लांट बसवण्याआधी टॅप करा (भोकात आटे पाडून घ्या), नाहीतर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, चढतो आणि हाडावर वेगळाच ताण येतो.

प्रश्न (सांगली)
धन्यवाद दोघांनाही. ५० आरपीएमवर सलाइनशिवाय ड्रिल करून हाडाचा भुसा गोळा करतात, ते इथे चालेल का?

उत्तर (पुणे)
मऊ हाडात छान जमतं, भुसा ग्राफ्टला (कमी पडलेल्या जागी हाड भरायला) कामी येतो. या आजोबांना नको. इतक्या कडक हाडात त्या वेगाने ड्रिल सरकणार नाही, आणि तुम्ही पुन्हा दाबायला लागाल.