मदत हवी आहे : वस्तीतील अभ्यासिकेसाठी मराठी ब्लॉग सुरू करायचा आहे

नमस्कार.

नागपुरात नाग नदीकाठच्या एका वस्तीत आमची छोटी नोंदणीकृत संस्था गेली ९ वर्षे मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवते. पगारी माणूस कोणीच नाही. आम्ही ६ जण आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे काम करतो. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी संस्थेचा ब्लॉग सुरू व्हावा, अशी आमची इच्छा आहे.

लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. शिकवणाऱ्या ताई रोज कुलूप लावण्यापूर्वी वहीत दोन-चार ओळी लिहून ठेवतात. अशा २२ वह्या साठल्या आहेत. त्यांतील एक नोंद अशी : ‘आज हातच्याची वजाबाकी. चौथीतल्या मुलीने वडिलांच्या पानठेल्यावरच्या सुट्या पैशांवरून सगळ्यांना समजावली. मी फक्त खडू दिला.’ वार्षिक अहवालात यातले काहीच उतरत नाही. तिथे पाहुणे, पुष्पगुच्छ आणि आभारप्रदर्शन एवढेच असते. ब्लॉग म्हणजे त्या अहवालाची दुसरी प्रत होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

मला सर्वांत जास्त काळजी आहे ती मुलांच्या ओळखीची. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख उघड करता येत नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले आईवडिलांजवळच राहतात, त्यामुळे पहिली तरतूद थोड्याच मुलांना लागू होईल. पण प्रश्न केवळ कायद्याचा नाही. संमतिपत्र पुढे केले की पालक न वाचता सही करतात. एका आईने मात्र पेन हातात धरूनच विचारले, ‘हा फोटो आमच्या गावाकडे बी दिसन का?’ दिसेल, असे सांगितल्यावर तिने पेन खाली ठेवले. तेव्हापासून मला वाटते की चेहरे टाळावेत, नावे बदलावीत आणि मुलांचे हात, वह्या, फळा एवढेच दाखवावे. काही सहकाऱ्यांच्या मते चेहऱ्यांशिवाय देणगीदारांचा विश्वास बसणार नाही. असे काम करणाऱ्यांचा अनुभव काय आहे?

दुसरा प्रश्न मालकीचा. आमचे पूर्वीचे संकेतस्थळ एका कार्यकर्त्याने स्वतःच्या ईमेलवरून नोंदवले होते. तो पुण्याला गेला, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या खात्यावर येत राहिली, मुदत संपली आणि सगळा मजकूर गेला. आता खाते संस्थेच्या ईमेलवर ठेवून पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे द्यावा, असे ठरले आहे. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेवर पैसे लागत नाहीत. वर्डप्रेस ही ब्लॉगप्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर चालवल्यास मोकळीक जास्त मिळते. पण अद्ययावतीकरण आणि बॅकअप आपल्यालाच पाहावे लागतात, आणि आमच्यात त्यातला जाणकार नाही. सुरुवात ब्लॉगरवर करून डोमेन मात्र संस्थेचे घ्यावे, म्हणजे पुढे जागा बदलली तरी पत्ता तोच राहील, हा विचार बरोबर आहे का?

जुने लेख युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये आहेत. ते ब्लॉगवर चिकटवले की रोमन अक्षरांची खिचडी दिसते, आणि परिवर्तकातून काढले तर रफार व जोडाक्षरे बिघडतात. एखादा खात्रीचा परिवर्तक माहीत असल्यास कृपया सांगावा.

देणगीचा क्यूआर कोड सध्या ठेवणार नाही. परदेशातून देणगी घेण्यासाठी परकीय अंशदान कायद्याखाली लागणारी नोंदणी आमच्याकडे नाही, आणि ब्लॉग तर परदेशातही वाचला जाईल.

वह्यांतील ५ टिपणे नावे बदलून टंकून ठेवली आहेत. ती वाचून त्यांतून एखादे मूल ओळखू येते का, हे कोणी तपासून देणार असेल तर याच धाग्यात देतो. नागपूरकर असाल तर उत्तम, कारण वस्तीच्या खाणाखुणा तुमच्याच लक्षात आधी येतील.