रेडिमेडचा धंदा: आधी शिलाई की आधी विक्री?

सोलापूरकर
सध्या रेडिमेडमध्ये उतरायचं म्हटलं की जो-तो सुरतेची गाडी पकडतो, कुर्त्यांचे गठ्ठे आणतो आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकायला लागतो. तोच माल शेजारच्या गल्लीतही असतो, मग भाव पाडण्याशिवाय हातात काही उरत नाही. माझं स्पष्ट मत आहे की नव्या माणसानं शिलाईत उतरावं, तेही शाळेच्या गणवेशात. दिवाळी सरली की कुर्तीचं डिझाइन जुनं होतं, गणवेश वर्षानुवर्षं तोच राहतो. आमच्या सोलापुरात विडी वळणाऱ्या घरांतल्या कित्येक बायका आता मशीनवर बसतात. हात तयार आहेत, मशीनही वीस-पंचवीस हजारांत येतं.

हिशेबनीस
मशीनचा खर्च मोठा नसतोच, पैसा अडकतो तो कापडात. गणवेश विकला जातो जूनमध्ये, पण थान घ्यायचं डिसेंबर-जानेवारीत, कारीगरांची मजुरी दर आठवड्याला द्यायची आणि दुकानदार पैसे देणार जुलै-ऑगस्टमध्ये. नव्या माणसाला एवढा दम कुठून असणार? त्यात २२ पासून ४० पर्यंत साइज. मधले साइज संपतात, टोकाचे कपाटात पडून राहतात, आणि शाळेच्या चेक्सचा शर्ट दुसऱ्या शाळेला चालत नाही. सुरतेचा माल दहा नग आणून बघता येतो. चालला तर पुन्हा आणायचा.

सोलापूरकर
उधारीचं म्हणाल तर कायदा उत्पादकाच्या बाजूनं आहे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर ते भागेपर्यंत घेणाऱ्याला आयकरात तो खर्च दाखवता येत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला हे संरक्षण नाही.

हिशेबनीस
कागदावर बरोबर आहे. पण ४५ दिवसांचा आग्रह धरला की दुकानदार पुढच्या हंगामात दुसऱ्याकडून माल घेतो. नवा माणूस त्याच्याशी भांडू शकत नाही.

कटिंगमास्तर
शिलाईत उतरणाऱ्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्या: नेव्ही ब्लू हा एकच रंग नसतो. डाइंगचा लॉट, म्हणजे एका वेळी रंगवलेलं कापड, बदलला की शेड बदलते. भिलवाड्याहून आलेले दोन तागे दिव्याखाली सारखे दिसतात, उन्हात धरले की फरक कळतो. एका लॉटची पँट आणि दुसऱ्या लॉटचा खिसा लागला तर अख्खा डझन परत येतो. म्हणून लॉटप्रमाणे तागे वेगळे ठेवायचे, कापलेल्या प्रत्येक भागावर नंबर टाकायचा. हे शिकायचं तर वर्षभर दुसऱ्याचं जॉबवर्क करा. कापड त्यांचं, शिलाई तुमची. काज-बटण बाहेरून करून घ्या.

दुपारची शिलाई
जॉबवर्क मी करते. मजुरी नगावर मिळते, पण दर ठरवणं आमच्या हातात नसतं आणि हंगाम संपला की काम थांबतं. कापडाचा धोका नको, तर नफाही नाही. मास्तर, यातून धंदा उभा राहतो असं नव्या मुलींना सांगू नका, हात बसतो एवढंच सांगा.

कोल्हापूरची कुर्ती
मी विक्रीच्या बाजूची. एका कारखान्याचा एल दुसऱ्याच्या एमएवढा निघतो, त्यामुळे ऑनलाइन माल परत येतो आणि दोन्हीकडचं भाडं आपल्या अंगावर पडतं. तरीही आधी विकायलाच शिकावं. छाती, कंबर, उंची इंचांत लिहायला लागल्यापासून माझा परतीचा माल बराच कमी झाला. गिऱ्हाईक काय मागतं हे कळल्याशिवाय कात्री उचलायची कशाला?

हिशेबनीस
आणि गणवेश बदलत नाही, हे गृहीत धरू नका. २०२४-२५ मध्ये राज्य सरकारनं सरकारी शाळांसाठी एकसारखं कापड मध्यवर्ती खरेदीतून घेतलं आणि शिलाई बचत गटांकडे दिली. पुष्कळ ठिकाणी गणवेश उशिरा पोचले. डिसेंबर २०२४ मध्ये गणवेश घेण्याचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. या काळात समित्यांच्या भरवशावर कापड भरून बसलेल्या लहान शिलाईवाल्यानं काय करायचं?

सोलापूरकर
म्हणूनच सरकारी ऑर्डरवर सगळा भार टाकू नये. चार-पाच खासगी शाळा धराव्यात, कापडाचा नमुना आणि शेड शाळेच्या सहीनिशी ठेवावी, गणवेश बदलायचा तर एक वर्ष आधी कळवावं असं लेखी घ्यावं. टोकाचे साइज आगाऊ मागणी आल्यावरच कापावेत. भांडवल अडकतं हे मी मान्य करतो. पण सुरतेच्या गठ्ठ्यावर आपल्या हातचं काहीच नसतं, आणि या गावात शिवणारे हात रिकामे बसलेत हे मला बघवत नाही.

दुपारची शिलाई
शाळा असं लेखी देतात का? देत असतील तर तो कागद कसा लिहिलेला असतो, ते इथे टाका. आम्ही चौघी मिळून एका शाळेत विचारायला तयार आहोत.