बोट अँकर म्हणजे नांगर, पण कुठला?

घाटमाथा: हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले; त्यांच्या जुन्या, व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या) रेडिओ सेटांवर मराठीत लेख लिहितोय. अमेरिकेतले हॅम असल्या धुडांना लाडाने 'बोट अँकर' म्हणतात. मी सरळ 'नांगर' लिहिलं. वडिलांनी वाचलं आणि विचारलं, "रेडिओने शेत कसं नांगरतात रे?" दुसरा शब्द सुचवा.

दर्यावर्दी: शब्द बरोबर आहे, वडील देशावरचे एवढंच. आमच्या रत्नागिरीत नांगर म्हटलं की आधी होडीचाच डोळ्यापुढे येतो. उच्चार एक, पण घराणी दोन. शेतातला संस्कृत 'लाङ्गल'वरून आला, होडीचा फारसी 'लंगर'वरून. दोघांच्या 'ल'चा आपण 'न' केला आणि गोंधळ ओढवून घेतला. हिंदीत हल वेगळा, लंगर वेगळा. आपल्याकडे शेतही नांगरतात आणि गलबतही. पण मुळात थट्टा कशाची, वजनाची की निकामीपणाची?

घाटमाथा: दोन्हींची. बंद पडला तर होडी बांधायला तरी होईल, असं. कॉलिन्स कंपनीने १९५०च्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी आखलेला आर-३९०ए रिसीव्हर घ्या. २६ व्हॉल्व्ह, वजन ३८ किलोच्या आसपास. फ्रिक्वेन्सीचे आकडे मोटारीच्या किलोमीटरसारखे गरगर फिरतात आणि त्यांच्यामागे दातेरी चाकांचं अख्खं घड्याळ भरलेलं.

जुनाट: मग 'धोंड' म्हणा की.

दर्यावर्दी: छे. धोंड गळ्यात येते, कुणी हौसेने आणत नाही. इथे माणूस कंबर धरून जिना चढवतो आणि वर मित्रांना बोलावून दाखवतो. तुम्ही वर सहज लिहून गेलात तो 'धूड' मला जास्त पटतो. त्यात आकाराचं कौतुक आहे.

नवखी: मधेच विचारते, अमेरिकन जर 'ट्यूब' म्हणतात तर आपण व्हॉल्व्ह का?

जुनाट: इंग्रजांकडून आला. फ्लेमिंगने १९०४ साली पहिला बनवला, त्यातून वीज एकाच दिशेने जाई, झडपेतून पाणी जावं तशी. म्हणून व्हॉल्व्ह. शिवाय मराठीत ट्यूब एक तर सायकलची, नाही तर छताची. 'ट्यूब उशिरा पेटली' म्हणतात ती दुसरी. तसं पाहिलं तर व्हॉल्व्हही तापायला अर्धा मिनिट घेतोच.

घाटमाथा: ठरलं. पहिल्यांदा 'होडीचा नांगर', पुढे सगळीकडे 'धूड'.

जुनाट: आणि कंडेन्सरचं 'धारित्र' करू नका. ते मागितलंत तर दुकानदार वर बघेल.

घाटमाथा: कंडेन्सरच लिहिलंय. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते, हात घालण्याआधी तो रिकामा करा, हे वाक्य तर जाड अक्षरात टाकलंय. एकदा घातला होता हात.